रजा टाकून गाणारा

गाणं संपलं की लगेच उठायचं नाही, ही सवय मला आकाशवाणीने लावली. शेवटचा स्वर विरायचा, पळभर काहीच नसायचं आणि मग निवेदिका सांगायची: गीत अमक्यांचं, संगीत तमक्यांचं, स्वर अमुक यांचा. नेमका त्याच वेळी आमचा कुकर शिट्टी द्यायचा आणि संगीतकाराचं नाव वाफेत जायचं. मग दिवसभर घरात वाद. बाबा म्हणायचे, चाल सरळसरळ खळ्यांची आहे. आई म्हणायची, अहो, काहीतरीच काय, यशवंत देव. निकाल लागायचा तो पुन्हा कधीतरी ते गाणं लागलं तरच. तोवर दोघांचंही बरोबर.

पुढे कॅसेटी आल्या तेव्हा आतला घडीचा कागद मी गाणी ऐकण्याआधी वाचायचे. तबल्यावर कोण, बासरी कुणाची, ध्वनिमुद्रण कुठल्या स्टुडिओतलं. हल्ली फोनवर गायकाचं नाव आणि एक इवलंसं चित्र दिसतं, बस्स. बाकीची माणसं शोधून काढावी लागतात, आणि ती शोधताना घरातली कामं पडून राहतात. त्यातही मला ओढ अरेंजर मंडळींची. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत जो व्हायोलिनांचा डोंगर उभा राहतो, त्यामागे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा होते. चाल संगीतकाराची, पण चालीभोवतीची हवा बांधणारा माणूस वेगळा. श्रोत्यांच्या तोंडी त्याचं नाव जवळजवळ कधीच नाही.

या खोडीपायीच मी शिकागोला पोहोचले, अर्थात बसल्या जागी. अर्थ, विंड अँड फायर या वाद्यवृंदाचा १९७५ सालचा ‘दॅट्स द वे ऑफ द वर्ल्ड’ हा अल्बम ऐकताना मागचं काम कुणाचं हे पाहायला गेले, तर मॉरिस व्हाइटच्या जोडीला चार्ल्स स्टेपनी असं नाव. हा स्टेपनी शिकागोच्या चेस रेकॉर्ड्सचा अरेंजर. पियानो वाजवायचा, व्हायब्राफोन वाजवायचा, आणि साध्या गाण्यामागे अख्खा सिंफनीचा ताफा उभा करायचा. मिनी रिपर्टनच्या ‘कम टू माय गार्डन’मागे तोच. १९७६ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो हृदयविकाराने गेला. त्याने केलेल्या कामांच्या यादीत मी बोट फिरवत खाली आले आणि एका नावावर थांबले. टेरी कॅलियर. अल्बम ‘व्हॉट कलर इज लव्ह’. साल १९७२. नाव कधी कानावरून गेलं नव्हतं.

पहिलंच गाणं ‘डान्सिंग गर्ल’, आणि ते नऊ मिनिटांचं. सुरुवातीला फक्त गिटार. तारा एकेक करून छेडलेल्या, घाई नाही. मग अगदी जवळून आलेला आवाज. जड नाही, पण पिकलेला. गाणारा तेव्हा सत्ताविशीत होता हे नंतर कळलं तेव्हा खरं वाटेना. सोल संगीत म्हटलं की आपल्याला ओळखीचं असतं ते आर्जव: चर्चमध्ये तयार झालेला गळा, पिळवटून टाकणारी हाक, घाम, झळझळणारी पितळी वाद्यं. कॅलियर आर्जव करतच नाही. तो सांगतो. ऐकायचं तर बसा, नाहीतर तुमची मर्जी. स्वप्नातले ग्रहतारे चाललेले असतात, आणि मागे कधीतरी व्हायोलिनं येऊन उभी राहिलेली असतात. नेमकी कधी आली ते दुसऱ्यांदा ऐकतानाही मला पकडता आलं नाही. पुढे लय बदलते, ड्रम्स जागे होतात, गाणं आकाश सोडून शहरात उतरतं आणि नाचणाऱ्या मुलीपाशी येतं. आता आपण ज्याला मुखडा म्हणतो तसं काही येईल, आता पकडायला एक ओळ मिळेल, असं वाटत राहतं. मिळत नाही. गाणं ऐकून झाल्यावर गुणगुणायला गेले तर हाती काही लागेना, आणि तरी ते डोक्यातून जाईना.

मग या माणसाच्या मागे लागणं आलंच.

शिकागोच्या उत्तर भागात कॅब्रिनी-ग्रीन नावाची मोठी सरकारी वसाहत होती. कॅलियर १९४५ साली जन्मला आणि त्या भागात वाढला. कर्टिस मेफील्ड, जेरी बटलर, मेजर लान्स हे त्याचे लहानपणचे सवंगडी. म्हणजे पुढे अमेरिकेच्या काळ्या संगीतात ज्यांची नावं झाली त्यांतली निम्मी पोरं एकाच गल्लीत गळे साफ करत होती म्हणायचं. शाळेत असतानाच चेस कंपनीने कॅलियरची एक रेकॉर्ड काढली. दौऱ्यावर पाठवायची बोलणी झाली तर आई आडवी आली: आधी शाळा. ही गोष्ट वाचताना मला त्या माउलीचा राग येईना. आमच्या घरीही हेच झालं असतं, फक्त ‘आधी बारावी’ म्हणाले असते.

कॅलियरने मुलाखतींत सांगितलेला एक प्रसंग मात्र मी पुन्हा पुन्हा आठवते. शिकागोच्या एका क्लबात जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा कार्यक्रम होता. हा वेळेआधी पोहोचला. बघतो तर एक माणूस हातोडी घेऊन मंचावर ओणवा झालेला आणि ड्रम चक्क जमिनीला खिळ्यांनी ठोकतोय. तो एल्विन जोन्स, कोल्ट्रेनचा ड्रमर. का ठोकतोय हे वाजवायला सुरुवात झाल्यावर कळलं. ठोकला नसता तर त्या वाजवण्याने ड्रम सरकत मंचाखाली गेला असता. ते ऐकून कॅलियर हादरला. एवढा जीव ओतून ही माणसं वाजवतात आणि आपण गिटार घेऊन कॉफीच्या दुकानांत गातो, हे काय गाणं झालं? त्याने काही काळ गाणं बाजूला ठेवलं आणि साधी नोकरी धरली. परतला तेव्हा कोल्ट्रेनसारखे दोन बास घेऊन परतला. १९६४ साली त्याने पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला तो अशा जुळणीत: गिटार, गळा आणि दोन मोठे उभे बास. बाकी काही नाही.

त्या अल्बमचं नशीब बघा. निर्माता सॅम्युएल चार्टर्स टेप घेऊन मेक्सिकोला निघून गेला आणि रेकॉर्ड बाजारात यायला वर्षं लागली. तोवर लोकगीतांची लाट ओसरली होती. कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकाने ‘अतिशयोक्ती’ म्हणून खाली रेघ मारली असती.

सत्तरच्या सुमारास जेरी बटलरने गीतकारांसाठी एक कार्यशाळा चालवली होती. कॅलियर तिथे जाऊन बसू लागला. लॅरी वेड या मित्राबरोबर त्याने डेल्स या गटासाठी लिहिलेलं एक गाणं १९७१ मध्ये चाललं, आणि त्या जोरावर चेसच्या कॅडेट या शाखेने त्याला स्वतःचे अल्बम करायला बोलावलं. अरेंजर स्टेपनी. दोघांनी मिळून लागोपाठ तीन अल्बम केले. ‘व्हॉट कलर इज लव्ह’ त्यातला मधला.

तो का चालला नाही, याची कारणं सांगता येतात. त्याच वर्षी मेफील्डचा ‘सुपर फ्लाय’ आणि अल ग्रीनचं ‘लेट्स स्टे टुगेदर’ गाजत होतं. रेडिओला तीन मिनिटांचं गाणं हवं, हा नऊ मिनिटांचं देतो. दुकानदाराने रेकॉर्ड ठेवायची कुठे? लोकसंगीताच्या खणात ठेवावी तर मागे व्हायोलिनं, जॅझच्या खणात ठेवावी तर हातात साधी गिटार, सोलच्या खणात ठेवावी तर माणूस आर्जव करत नाही. चेस कंपनी उभी करणारा लेनर्ड चेस १९६९ साली गेला, कंपनी त्याच साली विकली गेली होती, आणि नव्या मालकांच्या हाती ती फार काळ तगली नाही. सगळं खरं. पण माझं खाजगी मत असं की हा अल्बम श्रोत्याकडून एक गोष्ट मागतो जी दुकानात कुणी घेऊन येत नाही: काही मिळेल अशी अपेक्षा न धरता बसून राहायची तयारी. सात गाणी आहेत. शीर्षकगीतात तो प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट न बघता निघून जातो. युद्धाविरुद्धचं एक गाणं आहे, त्यातही घोषणा नाही. शेवटच्या गाण्याची जवळपास सगळी भिस्त कोरसवर. कोरस तेच शब्द घोळवत राहतो आणि त्यांच्याखालची तंतुवाद्यं तेवढी रंग बदलत जातात. ऐकताना वाटतं, गायकच हळूहळू बाजूला होतोय. पहिल्या खेपेला मला हे गाणं कंटाळवाणं वाटलं होतं. आता मी त्याच्यासाठी थांबते.

१९८३च्या सुमारास तो खरोखरच बाजूला झाला. मुलगी त्याच्याकडे राहायला आली होती. गाण्यावर घर चालण्याची चिन्हं नव्हती. कॅलियरने संगणकाचे वर्ग केले, प्रोग्रॅमिंग शिकला आणि शिकागो विद्यापीठात नोकरीला लागला. संध्याकाळी कॉलेज. आणि ऑफिसात कुणाला पत्ता नाही की शेजारच्या टेबलावरचा हा माणूस एके काळी गात होता.

इथे मी अडखळते, कारण आमच्या बँकेत असं घडणं अशक्य होतं. आपल्याकडे ऑफिसात गाणारा माणूस पहिल्या सत्यनारायणालाच सापडतो. प्रसाद वाटून झाला की साहेब म्हणणार, चला, होऊन जाऊ दे एखादं नाट्यगीत. मग तो ‘नाही हो, घसा बसलाय’ म्हणणार, आणि मग अर्धा तास कुणाला बोलू देणार नाही. आमच्या शाखेत एक कॅशियर होते. बोटाला रबरी टोपी, बाजूला स्पंजची ओली वाटी, आणि नोटा मोजताना ओठांत काहीतरी चाललेलं. हिशेब जुळत असेल तोवर विलंबित. बंडल पुरं झालं, त्यावर सही ठोकली की एक बारीकशी तान सुटायची, खरोखर सुरेख. नोट कमी पडली की एकदम शांतता. सगळ्या काउंटरला कळायचं. पूजेच्या दिवशी आग्रह झाला की ते तेच एक भजन म्हणायचे, सरळ, सपाट, कर्तव्य म्हणून. मी त्यांना एकदा विचारलं, ते दुपारचं का गात नाही हो? तर म्हणाले, “मॅडम, ते नोटा हातात असल्या तरच येतं.” त्यावर काय बोलणार?

नोकरी आणि गाणं म्हटलं की आपल्याला वसंतराव देशपांडे आठवतातच. लष्कराच्या हिशेबखात्यात वर्षानुवर्षं खर्डेघाशी, पार नेफापर्यंत झालेली बदली, मग नोकरी सोडणं आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’. मीही कॅलियरची गोष्ट आधी त्याच साच्यात बसवून पाहिली, पण ती बसेना. वसंतरावांच्या नोकरीतल्या वर्षांतही गाणं चालू होतं, भोवती ते ओळखणारी माणसं होती, पु. ल. होते. शिवाय आपल्याला ती गोष्ट आवडते कारण तिच्यात अखेरीस गाणं जिंकतं. कॅलियरच्या गोष्टीत जिंकणं-हरणं शोधायला गेलं की ती निसटते. मुलीला वाढवायचं होतं, म्हणून त्याने नोकरी धरली. उपेक्षित कलावंत म्हणून हळहळायला मी तयार होऊन बसले होते, पण त्याच्या गाण्यात हळहळीला जागाच नाही, आणि त्याच्या त्या वर्षांतही मला ती करून घेता येईना.

इकडे हा शिकागोत प्रोग्रॅम लिहीत होता आणि तिकडे इंग्लंडमध्ये त्याच्या जुन्या रेकॉर्डी नाचाच्या क्लबांत वाजत होत्या. लंडनच्या डीजे मंडळींना त्या सापडल्या होत्या. जे गाणं अमेरिकेत कुठल्या खणात ठेवावं कळेना, त्यावर तिकडे रात्री दोन वाजता पोरं नाचत होती. अ‍ॅसिड जॅझ कंपनीच्या एडी पिलरने त्याला शोधून काढलं, ऐंशीच्या दशकातली त्याची एक रेकॉर्ड पुन्हा काढायची परवानगी मागितली आणि त्याला लंडनला यायचं आमंत्रण दिलं. कॅलियरने रजा टाकली. नव्वदच्या दशकात बराच काळ हा क्रम चालला: वर्षभर ऑफिस, रजेत इंग्लंड, तिथे गच्च भरलेलं सभागृह आणि तोंडपाठ गाणी म्हणणारे लोक, मग परत टेबल. बँकेत आमची रजा गावच्या जत्रेत, लग्नकार्यात आणि टाक्या धुण्यात जायची. परतल्यावर कुणी विचारलं ‘कशी गेली सुट्टी?’ की आपण ‘ठीक’ म्हणतो. तोही तेच म्हणत असेल असं मला उगीच वाटतं.

१९९८ मध्ये त्याचा ‘टाइमपीस’ हा अल्बम आला. त्यात सॅक्सोफोनवर फॅरो सँडर्स आहे, कोल्ट्रेनच्या शेवटच्या काळातला त्याचा साथीदार. ड्रम खिळ्यांनी ठोकलेल्या त्या रात्रीपासून इथवर एक धागा येतो, आणि हे मला कळलं तेव्हा मी उठून पाणी प्यायले. त्या अल्बमला संयुक्त राष्ट्रांशी जोडलेला शांततेचा पुरस्कार मिळाला, बातमी पसरली, ऑफिसात कळलं. आणि नोकरी गेली. वीस वर्षं ज्या गाण्याने पोट भरलं नाही त्याने अखेरीस पोटापाण्याची नोकरी घालवली. यावर हसावं की काय करावं ते मी ठरवलेलं नाही. मुलगी तोवर मोठी झाली होती. तो मजेत गात राहिला. बेथ ऑर्टनबरोबर गायला, २००६ साली मॅसिव्ह अटॅकबरोबर ‘लिव्ह विथ मी’ गायला. आमच्या भाच्याला ते गाणं पाठ आहे, पण आवाज कुणाचा हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाला, “मावशी, तुला हा माणूस कसा माहीत?” उत्तर लांबलचक होतं, त्याला वेळ नव्हता.

कॅलियर २०१२च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोत गेला. कॅब्रिनी-ग्रीनच्या उंच इमारतींतली शेवटची त्याच्या आदल्या वर्षी पाडून झाली होती. स्टेपनीने घराच्या तळघरात चारपदरी टेपवर जे प्रयोग करून ठेवले होते ते त्याच्या मुलींनी २०२२ साली ‘स्टेप ऑन स्टेप’ नावाने बाहेर आणले. म्हणजे अजून निघतंच आहे. आपण म्हणतो, अमुक अल्बम सापडला. पण तो कुठे हरवला होता? कुणी ना कुणी कायम ऐकतच होतं. रांग लांब होती आणि आपण मागे उभे होतो, इतकंच.

सापडलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझी एक मैत्रीण ग्वाल्हेर गायकी शिकलेली, कान अतिशय तयार, आणि तोंडही. तिला ‘डान्सिंग गर्ल’ पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोन.

“अगं, आवाज छान आहे. पण हा माणूस समेवर येतो तरी कधी?”

मी म्हटलं, तासभराचा ख्याल ऐकणारीने नऊ मिनिटांची तक्रार करू नये. ती म्हणाली, लांबीचं नाही गं, ख्यालात कितीही लांब गेलं तरी सम कुठे आहे ते आतून ठाऊक असतं. हा मला वाट बघायला लावतो आणि कशाची ते सांगत नाही. मी गप्प बसले, कारण इतकं अचूक मला सांगता आलं नसतं. फक्त तिने ते दोष म्हणून सांगितलं होतं. गाणारा समेवर येत नसेल तर तो भरकटला आहे असं ती म्हणते. मला वाटतं, काही गाणी समेशिवायच बांधलेली असतात. यावर आमचा दोन-तीनदा वाद झाला, एकदा तिच्या घरी पोहे गार होईपर्यंत.

आता तिला ‘यू गोइन मिस युअर कँडीमॅन’ पाठवलं आहे. त्यात बासचा एक ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच घुमत राहतो, पाय आपोआप धरतो. हे तिला आवडेल, किंवा म्हणेल, आता नुसती समच आहे, गाणं कुठाय? अजून निळ्या खुणा झालेल्या नाहीत.